जननमार्गाच्या संसर्गामुळे येणारे वंध्यत्व : उपचार

योनी व गर्भाशयमुखातून वर चढलेला जंतुसंसर्ग गर्भाशय आणि अंडवाहिन्यांना इजा करतो, तेव्हा उद्भवणाऱ्या वंध्यत्वावरील उपचार. क्लॅमिडिया आणि परमा म्हणजेच गोनोरिया हे यामागचे नेहमीचे लैंगिक संसर्ग होत. प्रसूतीनंतरचा किंवा असुरक्षित गर्भपातानंतरचा संसर्गही हेच करतो. क्षयाचे जंतू मात्र बहुधा फुप्फुसांकडून रक्तावाटे अंडवाहिन्यांत उतरतात.

अंडवाहिनीच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म लव असते. तिच्या हालचालीने अंड गर्भाशयाकडे सरकते. शुक्रजंतूशी त्याचे मीलनही वाहिनीतच होते. सूज आली की ही लव झडते, अस्तराचे पदर एकमेकांना चिकटतात, कधी वाहिनीचे टोकच मिटते. प्रतिजैविके जंतू मारतात, मागे राहिलेला वण मात्र पुसत नाहीत. संसर्ग बरा होऊनही दिवस का राहत नाहीत, याचे उत्तर बहुधा या वणात असते.

म्हणूनच वेळेला फार महत्त्व आहे. स्वीडनमधील लुंड येथे १९६० ते १९८४ या काळात पोटात दुर्बीण घालून निदान झालेल्या स्त्रियांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. ओटीपोटाचा संसर्ग एकदा झालेल्यांपैकी सुमारे ८ टक्के, दोनदा झालेल्यांपैकी जवळपास २० टक्के आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांना अंडवाहिन्यांच्या दोषामुळे वंध्यत्व आले. त्यामुळे ओटीपोटात दुखणे, ताप, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे अंगावर काढू नये. क्लॅमिडिया तर बहुतेक स्त्रियांत कोणतेही लक्षण न दाखवता राहतो.

नुसती शंका आली तरी डॉक्टर उपचार सुरू करतात, कारण अहवालाची वाट पाहण्यात वाहिनीचे नुकसान होते. सर्वसाधारणपणे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे इंजेक्शन आणि १४ दिवस डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडाझोल देतात. जोडीदाराला त्रास नसला तरी त्याचेही उपचार व्हायलाच हवेत. एकट्या स्त्रीला गोळ्या देऊन भागत नाही, संसर्ग पुन्हा तिच्याकडेच येतो. क्षयावर किमान सहा महिने औषधे घ्यावी लागतात.

त्यानंतर वाहिन्या कितपत मोकळ्या आहेत ते पाहतात. त्यासाठी गर्भाशयात रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्र काढतात किंवा दुर्बिणीने थेट पाहणी करतात. जोडीदाराची वीर्यतपासणीही याच टप्प्यावर करावी. चिकटलेले पदर थोडे असतील तर दुर्बिणीतून सोडवता येतात. मात्र अशा वाहिनीतच गर्भ रुजण्याचा धोका उरतो. पाळी चुकताच लवकर सोनोग्राफी करणे आवश्यक.

वाहिन्या निकामी झाल्या असतील तर आयव्हीएफ करतात, म्हणजे अंड व शुक्रजंतूचे मीलन शरीराबाहेर घडवून गर्भ गर्भाशयात सोडतात. ही पद्धत मुळात याच अडचणीसाठी पुढे आली : २५ जुलै १९७८ रोजी जन्मलेल्या जगातील पहिल्या आयव्हीएफ बाळाच्या, लुईझ ब्राउनच्या, आईच्या अंडवाहिन्या बंद होत्या. वाहिनी पाण्याने फुगली असेल, तर ते पाणी गर्भाशयात झिरपून आयव्हीएफचे यश सुमारे निम्म्यावर आणते. अशी वाहिनी आधी काढून टाकतात किंवा गर्भाशयाजवळ बंद करतात. मूल हवे म्हणून आलेल्या स्त्रीला हे ऐकणे जड जाते. त्यामागचे कारण शांतपणे समजावणे हा उपचाराचाच भाग आहे.

आयव्हीएफलाही गर्भाशयाचे अस्तर धडधाकट लागते. क्षयाने ते नष्ट झाले असेल, तर सरोगसी (दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात गर्भ वाढवणे) किंवा दत्तक या पर्यायांविषयी बोलावे लागते.