पुवा आणि पीडीटी: दोन्हींत औषध अन् प्रकाश, तरी उपचार वेगळे

कोड किंवा सोरायसिस असलेल्यांना त्वचारोगतज्ज्ञ 'लाइट घ्या' म्हणतात. त्वचेच्या काही कर्करोगांवरही औषध देऊन वर प्रकाश सोडतात, हे ऐकलं की तेच मशीन आणि तेच औषध असेल असं वाटतं. तसं नाही. पहिला उपचार पुवा, दुसरा फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे पीडीटी.

पुवातलं औषध सोरालेनच्या कुळातलं. आपल्याकडे कोडावर पूर्वापार वापरतात त्या बावचीच्या बियांतही सोरालेन असतं. बावचीचं तेल लावून उन्हात बसलं की काहींना फोड येतात ते त्यामुळेच. गोळी घेतल्यावर साधारण दोन तासांनी अंगावर यूव्हीए, म्हणजे लांब लहरींचे अतिनील किरण सोडतात. किरण पडले की हे औषध डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडून टाकतं आणि पेशींची बेसुमार वाढ थांबते. घाव थेट डीएनएवर पडत असल्याने त्याची किंमतही आहे: वर्षानुवर्षं पुवा घेतलेल्या गोऱ्या रुग्णांत स्क्वॅमस सेल या त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. आता बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी ३११ नॅनोमीटरचा नॅरोबँड यूव्हीबी (अरुंद पट्ट्यातला अतिनील प्रकाश) देतात. त्याला सोरालेन लागत नाही.

पीडीटीची कल्पना जुनी आहे. १९०३ मध्ये म्युनिकमध्ये टापाइनर आणि येसिओनेक या संशोधकांनी त्वचेच्या गाठींवर इओसिन हा रंग लावून प्रकाश सोडला होता. आजचं औषध मात्र अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचं किंवा त्याच्या मिथाइल रूपाचं. मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की हे औषध स्वतः प्रकाशाला दाद देतच नाही. हिमोग्लोबिनमधलं हीम ज्या साखळीने बनतं, तिच्यात ते शिरतं आणि रोगट पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन बनवून साठवतात. म्हणजे प्रकाशाने जागं होणारं द्रव्य पेशी स्वतःच तयार करते!

आधी वरची खपली खरवडतात, मलम लावून पट्टीखाली साधारण तीन तास ठेवतात. पट्टी काढून वुड्स लॅम्प (अतिनील किरणांचा दिवा) धरला, तर रोगट भाग लालसर चमकतो. मग ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल दिवा, बहुधा दहा मिनिटांच्या आत. आग बरीच होते. म्हणून गार हवेचा झोत सोडतात. प्रकाशाने चेतलेलं प्रोटोपॉर्फिरिन ऑक्सिजनला अतिक्रियाशील करतं आणि तो पेशीची आवरणं जाळतो. क्षणार्धात विरत असल्याने तो लांब जात नाही. डीएनए इथे मुख्य लक्ष्य नाही.

पण हा प्रकाश फार खोल पोचत नाही. त्यामुळे पीडीटी अ‍ॅक्टिनिक केराटोसिस (उन्हाने येणारे खरखरीत, कर्करोगपूर्व चट्टे), बोवेन रोग (त्वचेच्या वरच्या थरापुरता स्क्वॅमस सेल कर्करोग) आणि वरवरच्या बेसल सेल कर्करोगापुरतीच. खोल गाठीला शस्त्रक्रियाच हवी. मेलॅनोमावर, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्य पेशींच्या कर्करोगावर, तर हा उपचार करूच नये. तिथलं मेलॅनिनच प्रकाश शोषून घेतं.

मात्र 'पुवाने कर्करोग होतो, पीडीटीने बरा होतो' ही विभागणीही खरी नाही. मायकोसिस फंगॉइडिस या त्वचेतल्या टी-सेल लिम्फोमावर (पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर) पुवाच देतात.

काळजीही वेगवेगळी. पुवाची गोळी डोळ्यांच्या भिंगापर्यंत पोचते, म्हणून त्यानंतर २४ तास यूव्हीए अडवणारा चष्मा हवा. मलमाच्या पीडीटीनंतर तेवढाच भाग सुमारे ४८ तास उन्हापासून झाकून ठेवायचा.