भिंतीवरचा पांढरा थर: खार की बुरशी?

मागच्या श्रावणात आमच्या बेडरूमच्या भिंतीवर पांढरा थर धरला. रंगारी म्हणाला, "खार फुटलाय, घासून पुट्टी मारतो." मारलीही. दिवाळीच्या साफसफाईत लाकडी कपाट पुढे ओढलं, तर मागच्या प्लायवर काळपट ठिपके आणि खालच्या कप्प्यातल्या चामड्याच्या बॅगेवर पांढरी लव. खार चामड्यावर फुटत नाही. मुलीचा सकाळचा खोकला आम्ही दोन महिने 'हवा बदललीय' म्हणून सोडून देत होतो, त्याची फार रुखरुख लागली.

खार म्हणजे निव्वळ क्षार. विटा, वाळू, सिमेंट यांतले क्षार ओलीबरोबर वर येतात, पाणी उडून जातं आणि ते भिंतीवर उरतात. बोटांत चुरडले की पीठ होतं, पाणी शिंपडलं की बहुतेकदा विरघळतात. बुरशी सजीव आहे. ती लाकूड, कागद, कापड, अगदी भिंतीवरच्या धुळीवरही जगते. पाण्याने विरघळत नाही, पुसली तर फासली जाते आणि कुबट वास सोडते. ओल दोघांनाही लागते, त्यामुळे एकाच भिंतीवर दोन्हीही असू शकतात.

गफलत महागात पडते ती सफाईत. खार कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर क्षार परत भिंतीत मुरतात. बुरशी कोरडी घासली तर तिचे बीजाणू घरभर उडतात. ती मास्क आणि हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, साबणाच्या पाण्याने पुसायची आणि जागा पूर्ण वाळवायची. दमा असलेल्याने हे काम करू नये. ब्लीच आणि ॲसिड तर कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

खारामुळे प्लास्टर जातं, बुरशीमुळे छाती धरते. ओलसर, बुरशीच्या घरात दम्याचा आणि श्वसनाच्या त्रासाचा धोका वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. मात्र 'काळी म्हणजे विषारी' या भीतीला बळी पडू नका. १९९०च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलंडमधल्या तान्ह्या बाळांच्या फुप्फुसातल्या रक्तस्रावाशी स्टॅकिबॉट्रिस या काळ्या बुरशीचा संबंध जोडला गेला होता. सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २००० साली फेरआढावा घेतला आणि तो संबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. बुरशी कोणत्याही रंगाची असो, काढायचीच. तिची जात शोधणाऱ्या महागड्या चाचण्यांपेक्षा तो पैसा गळती शोधण्यावर घाला, आणि खोकला हटत नसेल तर छातीच्या डॉक्टरांना घरातली ओल आवर्जून सांगा.

माणूस बोलवाल तेव्हा तो आधी काय विचारतो ते बघा. रंगाचा डबा उघडण्याआधी "पाणी येतंय कुठून?" म्हणणारा गवंडी खरा. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामायिक पाइपमधून येत असेल, तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, ती दुरुस्ती सोसायटीची. फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आमच्याकडे पावसाळी पाइपचा जोड सुटलेला निघाला. सोसायटीने तो बदलला. कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढे असतं.