हिरडीची सैल शिवण

ब्रश करताना हिरडीतून रक्त आले की बरेच जण तेवढी जागा घासायचेच सोडून देतात, आणि दंतवैद्याने कीटण काढले की दात हलू लागतात असे ठामपणे सांगणारी माणसे तर घरोघरी भेटतात. या दोन्ही समजुती हिरडीचे काम न समजल्यामुळे टिकून आहेत. हिरडी दाताला नुसती धरून ठेवत नाही. दाताला टेकलेला तिचा काठ हा आपल्या प्रतिकारशक्तीचा रात्रंदिवस कामात असलेला भाग आहे.

दात हे शरीराचे बाह्य आवरण भेदून कायमचे बाहेर आलेले अवयव आहेत. गालाच्या आतल्या पेशी सतत झडतात आणि त्यांना चिकटलेले जिवाणूही त्यांच्याबरोबर जातात. दातावरचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, मात्र झडत नाही, म्हणून त्यावर जिवाणूंचा थर, म्हणजे प्लाक, साचत राहतो. हा थर हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीपाशी येऊन भिडतो. निरोगी माणसात ही फट एक ते तीन मिलिमीटर खोल असते आणि तिच्या तळाशी पेशींची एक अरुंद पट्टी दाताला चिकटलेली असते, तिला जंक्शनल एपिथेलियम म्हणतात.

या पट्टीची रचना प्रथमदर्शनी सदोष वाटते. हिरडीच्या बाहेरच्या बाजूच्या पेशी एकमेकींना घट्ट जखडलेल्या असतात, तर इथे पेशींमधले दुवे थोडे आणि मोकळ्या जागा रुंद असतात. त्यामुळे जिवाणूंची काही द्रव्ये आत झिरपतात हे खरे. पण त्याच वाटेने रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बाहेर येतात. जिवाणूंची चाहूल लागताच पट्टीतल्या पेशी इंटरल्यूकिन-८ हा संदेशवाहक रेणू सोडतात, तो दाताच्या दिशेने अधिकाधिक दाट होत जातो, आणि न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून, तिच्यातून निसटून, त्या वाढत्या दाटीचा माग काढत फटीत पोचतात व प्लाकसमोर थर धरून उभ्या राहतात. निरोगी तोंडातसुद्धा अशा सुमारे ३०,००० पेशी दर मिनिटाला बाहेर पडतात. शिवाय पट्टी स्वतःही सतत नवी होत असते. माकडांमध्ये तिला त्यासाठी चार ते सहा दिवस पुरतात.

या वाहतुकीचे मोल एका दुर्मिळ जन्मजात विकारात दिसते. त्यात पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटताच येत नाही. रक्तात त्या भरपूर असतात, पण हिरडीत पोचत नाहीत, आणि मुलांचे दात लहानपणीच हलून पडतात. इथे जिवाणू मोकाट सुटतात एवढेच कारण नसते. न्यूट्रोफिल ऊतीत येऊन मरतात तेव्हा इंटरल्यूकिन-१७ या दाहकारक रेणूला आवर बसतो. त्या आल्याच नाहीत, तर तो रेणू बेसुमार वाढतो आणि शरीराचाच दाह दाताभोवतीचे हाड खातो.

१९६५ साली डेन्मार्कमधील आऱ्हुस येथे हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि स्वच्छता पुन्हा सुरू झाल्यावर साधारण आठवडाभरात पूर्ववत झाल्या. रक्त येते ते या सुजेमुळे, त्यामुळे तीच जागा हळुवारपणे पण नीट घासायची असते. आपल्याकडे हिरड्या बळकट होतील म्हणून मिशरी लावतात, ती तर भाजलेल्या तंबाखूची पूड. तिने हिरडी बळकट होत नाही, उलट तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

सूज जुनी झाली की पट्टी मुळाच्या दिशेने खाली सरकते, फट खोल होते, हाड झिजते आणि रिकाम्या जागेत कीटण भरते. ते काढल्यावर दात हलल्यासारखा वाटतो, कारण आधार आधीच गेलेला असतो. साफ झालेल्या मुळावर ही पट्टी एक-दोन आठवड्यांत पुन्हा चिकटते. गेलेले हाड मात्र एवढ्याने भरून येत नाही.