भांडं उलटं करून पाहा: आमच्या कामाविषयी आणि तुमच्या वापराविषयी

आमच्या मातीच्या भांड्यांच्या स्टुडिओतून घेतलेला कप, वाडगा किंवा बरणी आधी उलटी करून पाहा. बुडाशी ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, नसलेली एक गोल कडी दिसेल. तिच्या आत आमचा शिक्का आणि मातीत कोरलेला एक आकडा असेल. कडी कोरी ठेवावी लागते, कारण भट्टीत ग्लेझ वितळून काच होतं आणि बुडाला ग्लेझ असतं तर भांडं फळीला कायमचं चिकटलं असतं. आकडा त्या खेपेचा आहे. त्याच आकड्याखाली आमच्या वहीत माती कोणती, ग्लेझ कोणतं, भट्टी किती अंशांपर्यंत नेली आणि ती थंड व्हायला किती वेळ लागला, हे सगळं लिहिलेलं असतं.

मातीपासून भट्टीपर्यंत

एका कपाला साधारण 400 ग्रॅम माती लागते. ती नीट मळून आतली हवा काढतो, कारण बुडबुडा राहिला तर चाकावर भिंत उचलताना नेमकी तिथेच डगमगते. मग गोळा चाकाच्या मधोमध स्थिर करायचा, मध्ये खळगा पाडायचा आणि बोटांच्या चिमटीत माती वर खेचायची. सरावाच्या हाताला यासाठी काही मिनिटं पुरतात. बाकीचा सगळा वेळ वाट पाहण्याचा. माती चामड्याइतकी घट्ट झाली की कप उलटा धरून बूड तासायचं आणि कान जोडायचा. कान आणि कप यांचा ओलेपणा सारखा नसेल तर वाळताना दोन्ही वेगवेगळे आकसतात आणि सांध्याशी तडा जातो. सुरुवातीच्या काळात आमच्या एका अख्ख्या खेपेचे कान असेच गेले. तेव्हापासून कान जोडलेले कप आम्ही प्लास्टिकखाली झाकून सावकाश वाळवतो. तुमच्या मागणीला आठवड्यांचा वेळ मागतो त्याचं मोठं कारण हेच.

आमची माती ओल्यापासून पक्की होईपर्यंत जवळपास 12 टक्के आकसते. म्हणजे 10 सेंटीमीटर उंचीचा कप हवा असेल तर चाकावर तो सुमारे 11.4 सेंटीमीटरचा घडवावा लागतो. पहिली भाजणी 1,000 अंश सेल्सिअसच्या आसपास होते. तिच्यानंतर भांडं कडक पण सच्छिद्र असतं, त्यामुळे ग्लेझच्या पातळ रबडीत बुडवलं की पाणी शोषून घेतं आणि पूड पृष्ठभागावर धरून ठेवतं. दुसरी भाजणी 1,250 अंशांच्या आसपास. तिथे मातीचा काही भाग वितळून कणाकणांमधल्या फटी भरतो आणि भांडं दगडासारखं होतं. स्टोनवेअर हे नाव त्यावरूनच पडलं.

भट्टी उघडायची घाई मात्र करता येत नाही. मातीतलं क्वार्ट्झ हे खनिज 573 अंशांना आपली रचना बदलतं आणि त्या क्षणी भांड्याचं आकारमानही बदलतं. तिथे तापमान झपाट्याने उतरलं तर भांडं चिरतं, कधी कधी तर बाहेर काढल्यावर काही दिवसांनी.

ग्लेझ आणि तुमची सुरक्षितता

ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवलेली काच. तिच्यात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) असते, पण शुद्ध सिलिका वितळायला 1,700 अंशांहून जास्त उष्णता लागते. म्हणून फेल्डस्पार, चुनखडी यांसारखे पदार्थ घालून ते तापमान खाली आणतात आणि वितळलेली काच उभ्या भिंतीवरून ओघळू नये म्हणून मातीतून ॲल्युमिना देतात. हे प्रमाण चुकलं तर ग्लेझ दिसायला सुंदर असूनही आंबट पदार्थात त्यातली द्रव्यं झिरपू शकतात.

म्हणून आमचा एक नियम आहे. भांड्याच्या आतल्या बाजूला आम्ही पूर्ण वितळलेलं, गुळगुळीत, साधं ग्लेझच देतो. प्रयोग करायचे ते बाहेरच्या बाजूला. शिसं आणि कॅडमियम असलेली ग्लेझं स्टुडिओत आणतच नाही. प्रत्येक नव्या ग्लेझचा नमुना आम्ही 24 तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवतो आणि चमक किंवा रंग जराही बदलला तर ते बाद करतो. ही आमची प्राथमिक चाळणी आहे. आतल्या बाजूची ग्लेझं त्यापुढे प्रयोगशाळेतूनही तपासून घेतो.

थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं तर त्यावर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं उमटतं. शोभेच्या फुलदाणीवर ते छान दिसतं. रोजच्या वाडग्यात आम्हाला ते नको, कारण रेघांत डाग मुरतात आणि भांड्याची ताकदही कमी होते.

हा पेशा

शिकायला किती वर्षं लागतात, असं बरेच जण विचारतात. माती मधोमध आणायला काही महिने. एकासारखा एक असे वीस कप सलग घडवायला काही वर्षं. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हमादा यांनी 1920 मध्ये इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्ज इथे जो स्टुडिओ उभारला, तिथेही पुढे शिकाऊ उमेदवार रोजच्या वापराची ठरावीक भांडी पुन्हा पुन्हा घडवूनच तयार झाले. कुंभारकाम करणाऱ्या लूसी री 1938 मध्ये व्हिएन्नाहून लंडनला आल्या आणि त्यांनी काही वर्षं सिरॅमिकच्या बटणांवर गुजराण केली. या कामात पोट भरतं ते बहुतेक वेळा अशा लहान, उपयोगाच्या वस्तूंवर, आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटतो.

सगळ्यात जास्त आम्ही किटलीकडून शिकलो. तोटीचं टोक आतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवं, नाहीतर किटली भरतानाच सांडते. गाळणीच्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ तोटीच्या तोंडापेक्षा जास्त हवं, नाहीतर धार अडखळते. झाकणाला हवेसाठी बारीक भोक हवं. तोटीची कड धारदार नसेल तर शेवटचा थेंब खाली ओघळतो. हे शेवटचं आम्हाला एका ग्राहक बाईंनी शिकवलं. त्यांनी किटली परत आणली आणि टेबलावर पडलेला डाग दाखवला. त्या दिवसापासून एकही किटली पाणी ओतून पाहिल्याशिवाय बाहेर जात नाही.

वापरताना

भांडी मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशरमध्ये चालतात. सोनेरी किंवा रुपेरी रेघ असलेली मात्र दोन्हीकडे नकोत. थेट आचेवर कोणतंच भांडं ठेवू नका. फ्रीजमधून काढलेलं भांडं तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, अचानक बदललेल्या तापमानाने ते तडकतं. मॅट पांढऱ्या ताटलीवर चमच्या-सुरीच्या करड्या रेघा दिसल्या तर घाबरू नका, तो ओरखडा नसून धातूचा थर असतो. खाण्याचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन हलक्या हाताने चोळला की निघतो. बुडाची कोरी कडी आम्ही घासून गुळगुळीत करतो, तरी टेबलावर खरखर जाणवली तर घेऊन या, पुन्हा घासून देऊ.

काठाचा टवका उडालेला कप पिण्यासाठी वापरू नका. संचातलं एखादं भांडं फुटलं तर आम्हाला बुडावरचा आकडा कळवा. वही काढून तीच माती आणि तेच ग्लेझ घेऊन नवं घडवतो. रंगात थोडा फरक पडेल, कारण भट्टीचा वरचा आणि खालचा कप्पा कधीच अगदी सारखा तापत नाही. फरक फारच जाणवला तर आम्ही दुसरं करून देतो.