इंग्लंडमध्ये बॅरिस्टरचा न्यायाधीश कसा होतो? पात्रता, कागदपत्रं आणि निवडीची पद्धत

आपल्याकडे वकिलातून हायकोर्टाचा न्यायाधीश व्हायला अर्ज करायची सोय नाही, कॉलेजियम नाव पुढे पाठवतं. इंग्लंड-वेल्समध्ये जागांची रीतसर जाहिरात निघते आणि नावाजलेल्या किंग्ज कौन्सेललाही (हा ज्येष्ठ वकिलांना मिळणारा मान) ऑनलाइन फॉर्म भरून मुलाखतीला बसावं लागतं. पूर्वी तिथेही लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायव्यवस्थेची जबाबदारी असलेले मंत्री, ज्येष्ठ न्यायाधीशांकडे गुपचूप चौकशी करून नावं ठरवत. 2005 च्या घटनात्मक सुधारणा कायद्याने हे काम ज्युडिशियल अपॉइंटमेंट्स कमिशनकडे गेलं आणि 2006 पासून हा आयोग निवड करतो. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.

अर्ज कोण करू शकतं?

अर्जदार ब्रिटन, आयर्लंड किंवा राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाचा नागरिक चालतो. म्हणजे भारतीय पासपोर्ट आड येत नाही. आड येते ती पुढची अट: वकिलीची पात्रता तिथलीच हवी आणि ती मिळाल्यानंतर कायद्याच्या कामाचा किमान 7 वर्षांचा अनुभव हवा. तिथली सनद हातात येण्याआधी मुंबईत काढलेली वर्षं या सातात धरत नाहीत.

बॅरिस्टर, म्हणजे कोर्टात बाजू मांडणारा वकील, व्हायचं तर लंडनच्या चार इन्सपैकी (बॅरिस्टरांच्या जुन्या संस्था) एकीचं सदस्यत्व, बारचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर 12 महिन्यांची पुपिलेज, म्हणजे ज्येष्ठ बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी. या चारांपैकी ग्रेज इन आपल्याला डॉ. आंबेडकरांमुळे ठाऊक असते. सॉलिसिटर, म्हणजे मुख्यतः अशिलांना सल्ला देणारे आणि कागदपत्रं तयार करणारे वकील, तेही न्यायाधीश होऊ शकतात. कायदा शिकवणंसुद्धा अनुभवात मोजतात. ब्रेंडा हेल यांची बरीच वर्षं मँचेस्टर विद्यापीठात शिकवण्यात गेली, तरी 2017 मध्ये त्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्ष झाल्या. किंग्ज कौन्सेल हा मान असेल तर उत्तम, पण कायद्याने तो सक्तीचा नाही.

आधी अर्धवेळ खुर्ची

सात वर्षं भरली की थेट हायकोर्टाचा फॉर्म भरायचा, असं कागदावर जमेल. प्रत्यक्षात क्वचितच जमतं. आधी न्यायासनावर बसून दाखवलेलं असावं, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. त्यासाठी रेकॉर्डर आणि डेप्युटी हायकोर्ट जज ही पदं आहेत. वर्षातले साधारण 30 दिवस कोर्ट चालवायचं, त्याचा दिवसावर मेहनताना घ्यायचा आणि बाकीचे दिवस आपली वकिली चालू ठेवायची. यांचीही निवड आयोगच करतो. अर्जदार खूप असतात, म्हणून रेकॉर्डरसाठी पहिली चाळणी सहसा ऑनलाइन परीक्षेची असते. माझ्या मते सगळ्या वाटेवरचा खरा दरवाजा हाच आहे.

न्या. रबिंदर सिंग यांची वाटचाल पाहा. जन्म दिल्लीचा, बालपण ब्रिस्टलमध्ये. 1989 मध्ये बॅरिस्टर, 2002 मध्ये क्वीन्स कौन्सेल (राणीच्या काळातलं किंग्ज कौन्सेलचं नाव). 2003 मध्ये डेप्युटी हायकोर्ट जज, पुढच्या वर्षी रेकॉर्डर. 2011 मध्ये हायकोर्टात कायम आणि 2017 मध्ये अपील न्यायालयात. म्हणजे कायम नेमणूक व्हायच्या आधी आठ वर्षं ते अधूनमधून न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतच होते.

फॉर्मसोबत काय लागतं?

शिक्षणाचा आणि कामाचा तपशील आणि सनदेची माहिती हे सोपं. वेळ खातो तो स्वमूल्यांकनाचा मजकूर. त्यात आयोगाने दिलेल्या प्रत्येक कसोटीवर, उदाहरणार्थ निर्णयक्षमता किंवा कोर्टातल्या माणसांशी वागणूक, स्वतःच्या कामातला ठोस प्रसंग लिहायचा असतो. गाजलेल्या खटल्यांची यादी इथे उपयोगाची नाही. तुमच्यासमोर नेमका काय पेच होता आणि तुम्ही काय केलंत, ते सांगावं लागतं.

तुमचं काम जवळून पाहिलेल्या व्यक्तींची नावंही अभिप्रायासाठी द्यावी लागतात. ज्यांच्यापुढे तुम्ही उभे राहता असे न्यायाधीश सहसा यात असतात. नाव देण्याआधी त्यांना विचारून ठेवा.

शेवटी चारित्र्याचं निवेदन. गुन्हे, दिवाळखोरी, थकलेला कर, बॅरिस्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या बार स्टँडर्ड्स बोर्डाकडच्या तक्रारी, वाहनाच्या वेगाबद्दलचे दंडसुद्धा. एखाद्या किरकोळ दंडाने अर्ज बाद होत नाही, पण लपवलेली गोष्ट पडताळणीत सापडली तर अंगाशी येते.

निवड आणि नेमणूक

छाननीनंतर मुलाखत. निवडमंडळात न्यायाधीशांबरोबर कायद्याच्या क्षेत्राबाहेरचे सदस्यही असतात. आयोग शिफारस करतो ती लॉर्ड चॅन्सेलरकडे. ते नाव स्वीकारू शकतात, नाकारू शकतात किंवा फेरविचाराला परत पाठवू शकतात. आपल्या पसंतीचं दुसरं नाव मात्र घुसवू शकत नाहीत. नेमणूक राजाच्या नावाने होते. त्यानंतर हायकोर्टाच्या किंग्ज बेंच, चान्सरी किंवा फॅमिली यांपैकी एका विभागात रुजू व्हायचं. सोबत ‘सर’ किंवा ‘डेम’ किताबही येतो.

पुढे अपील न्यायालयात जाताना पुन्हा निवड होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 जागांसाठी तर दरवेळी वेगळा आयोग नेमतात. तिथे 15 वर्षांची वकिली किंवा 2 वर्षं वरिष्ठ न्यायाधीशपद चालतं. जोनाथन सम्प्शन 2012 मध्ये वकिलीतून थेट तिथे गेले, पण असा योग दुर्मीळच.

अर्ज करण्याआधी घरी बोलून घ्यावं अशी एक गोष्ट: हायकोर्टाचं पद घेतल्यावर वकिलीत परतायचं नाही, असा तिथला दंडक आहे. निवृत्तीचं वय 2022 पासून 70 वरून 75 झालं आहे, आणि त्याआधी पुरेशी वर्षं सेवा देता येईल असाच उमेदवार आयोगाला हवा असतो.