आकड्यांतून माणूस: रोल-प्लेइंग गेममधील पात्रविकासाची पार्श्वभूमी

इंदुरात रामबागेसारख्या भागातल्या मराठी घरांत वडीलधारी मंडळी ‘सानंद’ या संस्थेच्या नाट्यप्रयोगांना नेमाने जातात, तर कॉलेजात जाणारी नातवंडे रोल-प्लेइंग गेममधल्या, म्हणजे खेळाडूने एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळातल्या, एखाद्या पात्राच्या वागण्यावर रात्री उशिरापर्यंत वाद घालतात. लढाया आणि लेव्हल (पात्राच्या ताकदीच्या पायऱ्या) यांच्या खेळात असे वाद घालण्याजोगे नाट्य आले कुठून, हा मोठ्यांचा प्रश्न रास्त आहे.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. त्याचे मूळ टेबलावर सोंगट्या मांडून खेळायच्या युद्धखेळांत होते. पण येथे खेळाडूच्या हाती फौजेऐवजी एकच व्यक्ती आली, जी अनुभवाचे गुण मिळवी, लेव्हल चढे आणि पूर्वीपेक्षा अधिक घाव सोसू शके. ही वाढ मोजता येत होती. स्वभाव, भीती, पश्चात्ताप यांची भर मात्र टेबलाभोवती बसलेली माणसे आपल्या बोलण्यातून घालीत. १९८१ मध्ये ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ संगणकावर आले तेव्हा यंत्राने आकडे सहज उचलले, माणसांचे बोलणे मागे राहिले. पुढचा इतिहास, माझ्या मते, ही सुटलेली बाजू परत मिळवण्याच्या प्रयत्नांचा आहे.

पहिला मोठा प्रयत्न रिचर्ड गॅरियट यांनी १९८५ च्या ‘अल्टिमा ४’ मध्ये केला. त्यात शेवटी मारायचा खलनायकच नाही. आठ सद्‌गुण अंगी बाणवणे हेच ध्येय आहे. जडीबुटी विकणारी स्त्री आंधळी असते आणि किती नाणी द्यायची ते खेळाडूनेच ठरवायचे असते. कमी दिली तरी कोणी अडवत नाही, पण खेळ आतल्या आत प्रामाणिकपणा वजा करतो आणि त्याचा हिशेब पुढे भोवतो.

जपानमध्ये १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने हा प्रकार घरोघरी नेला, तरी व्यक्तिगत नाट्याच्या दृष्टीने १९९१ चा ‘फायनल फँटसी ४’ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. राजाज्ञेने निरपराधांवर शस्त्र चालवलेला सेसिल हा काळा सरदार प्रायश्चित्तासाठी डोंगर चढतो. तेथे त्याला नवे रूप लाभते, आणि लगेच समोर त्याचीच जुनी काळी प्रतिमा उभी राहते. तोवर प्रत्येक लढाईत वार करायला शिकलेल्या खेळाडूला येथे वार न करता घाव सोसत थांबावे लागते. त्यानंतर सेसिलची लेव्हल पुन्हा एकवर येते. पश्चात्तापाची किंमत संवादात सांगून न थांबता आकड्यांतच मोजायला लावली, हे त्या प्रसंगाचे खरे सामर्थ्य आहे. १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’मधला एरिथचा मृत्यू याच कारणाने जिव्हारी लागला, कारण खेळाडूने जिला लढाई-लढाईने घडवले ती सोबतीण कथेच्या मध्यातच कायमची जाते.

१९९९ च्या ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’मध्ये स्मृती गमावलेला अमर नायक स्वतःच्याच जुन्या अपराधांचा माग काढतो, हरवलेली आठवण परत आली की अनुभवाचे गुण मिळतात. २००० च्या ‘बाल्डर्स गेट २’पासून सोबत्यांची स्वतंत्र दुःखे, त्यांचे आपसांतले खटके आणि प्रेमप्रकरणे रूढ झाली, तर २००६ च्या ‘पर्सोना ३’ने मैत्री जोपासण्यालाच ताकदीशी जोडले. २०१९ च्या ‘डिस्को एलिझियम’मध्ये तर नायकाची चोवीस कौशल्येच त्याच्या मनात बोलतात, आणि एखादे कौशल्य फार वाढवले तर त्याचा आवाज सल्ला देता देता दिशाभूलही करतो.

या परंपरेचा सध्याचा मुक्काम म्हणजे २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’. त्यातला ॲस्टेरियन हा उन्हात टिकू न शकणाऱ्या जातीचा रक्तपिपासू पिशाच (व्हॅम्पायर) शतकानुशतके मालकाचा छळ सोसलेला आहे, आणि सात हजार जिवांचा बळी देऊन मालकाच्या जागी बसण्याची संधी त्याच्यापुढे येते. हा बळीचा विधी पुरा होऊ दिला तर त्याचे हल्ले खरोखरच अधिक घातक होतात. समजावून परावृत्त केले तर कोणतेही बळ वाढत नाही, उलट दिवसाउजेडी फिरण्याची त्याची आशाही संपते. रामबागेतल्या नातवंडांचा वाद या निर्णयावरच असतो: पुढची लढाई सोपी व्हावी म्हणून आपल्या सोबत्याला त्याच्या छळकर्त्यासारखे होऊ द्यायचे का.