उन्हातले दोन दिवे

मोकळ्या मैदानात, भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा नीट पाहा. कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतो, पण भुवयांखाली दोन काळे खड्डे पडलेले असतात. नाकाची सावली मिशीसारखी ओठावर येते आणि हनुवटीखालचा गळा अंधारात जातो. एरवी हे आपल्याला खटकत नाही, कारण डोळा आणि मेंदू मिळून सावलीतले बारकावे भरून काढतात. कॅमेऱ्याला ते तितकंसं जमत नाही. शिवाय पडद्यावर प्रेक्षक सगळ्यात आधी डोळे शोधतो. डोळेच दिसले नाहीत तर नटाची निम्मी मेहनत पाण्यात!

बाहेर उजेड कमी पडतो असं तर नाही. स्वच्छ दुपारी उन्हात साधारण १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, चांगल्या दिव्यांच्या ऑफिसात जेमतेम ५००. अडचण वेगळीच आहे. बाहेर एकाच वेळी दोन दिवे चालू असतात, सूर्य आणि आकाश, आणि दोघांचे स्वभाव अगदी उलटे.

सूर्य अवाढव्य असला तरी आपल्याला दिसतो तो फक्त अर्ध्या अंशाचा. दिवा जितका लहान दिसतो तितकी त्याची सावली करकरीत. नाकापासून ३ सेंटिमीटरवर पडलेल्या सावलीची कड फार तर ०.३ मिलिमीटर धूसर होते. आकाश मात्र डोक्यावरून क्षितिजापर्यंत पसरलेलं, सगळीकडून उजेड देणारं. त्याची सावली जवळजवळ जाणवतच नाही. रंगही वेगळे. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या पाच-सहापट जास्त विखुरतात. उन्हातून जो निळेपणा असा गळतो, तोच आकाशातून आपल्याकडे येतो. म्हणून झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत उभा राहिलेला चेहरा कॅमेऱ्यात निळसर दिसतो.

छायालेखकाचं बाहेरचं बहुतेक काम म्हणजे या दोन दिव्यांची वाटणी. सगळ्यात सोपी आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर युक्ती फुकट आहे: नटाला सूर्याकडे पाठ करून उभं करायचं. केसांना आणि खांद्यांना उन्हाची झळाळती कड मिळते, माणूस मागच्या दृश्यातून उठून दिसतो आणि चेहऱ्यावर आकाशाचा मऊ उजेड येतो. नटाला डोळे किलकिले करावे लागत नाहीत, हा आणखी एक फायदा. फक्त हा मऊ उजेड उन्हाच्या साधारण आठव्या हिश्श्याइतकाच असतो. चेहऱ्यासाठी लेन्सचं तोंड उघडावं, तर मागची उन्हातली भिंत पांढरीफटक होते.

इथे थर्माकोल कामाला येतो. मराठी मालिकेच्या सेटवर गेलात तर लाइटमनच्या हातात थर्माकोलचा पांढरा तक्ता हमखास दिसेल. पाठीमागून येणारं ऊन तो झेलतो आणि चेहऱ्याकडे परत पाठवतो. चांदीच्या कागदाचा रिफ्लेक्टर जास्त उजेड देतो खरा, पण तो डोळ्यांत खुपतो. तक्ता जितका जवळ, तितका चेहऱ्याच्या दृष्टीने मोठा आणि म्हणून मऊ. जमीनही तेच काम करते, आणि तिचा रंग सोबत येतो. कोकणातल्या तांबड्या मातीवर हनुवटीखाली ऊबदार छटा येते, हिरवळीवर उभं राहिलं तर त्वचेला हिरवट झाक, जी कुणालाच शोभत नाही.

सूर्याला मोठं करायचाही एक मार्ग आहे. १२ फुटांच्या चौकटीत ताणलेलं अर्धपारदर्शक कापड, म्हणजे स्किमर, नटाच्या वर धरतात. दोन मीटरवरून ते कापड ८० अंशांहून जास्त जागा व्यापतं. अर्ध्या अंशाचा दिवा ८० अंशांचा झाला! सावल्यांच्या कडा विरघळतात. ढगाळ दिवशी हे काम निसर्गच करतो, पण तेव्हा चेहरा सपाट, निर्जीव दिसू लागतो. मग उलटा उपाय करायचा: एका बाजूला काळं कापड उभारायचं, म्हणजे तिकडून येणारा आकाशाचा उजेड गिळला जातो आणि गालाला पुन्हा उठाव येतो.

सिनेमाची सुरुवातच उन्हात झाली. एडिसनच्या १८९३ च्या स्टुडिओचं छप्पर उघडायचं आणि सूर्य सरकला की अख्खी इमारत रुळांवर फिरवता यायची. दादासाहेब फाळक्यांनी दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) चित्रित केला तोही दिवसाच्या उजेडावर. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला आंधळी होती. आज ज्या सोनेरी संध्याकाळसाठी युनिट ताटकळत बसतं, तिचा तेव्हा फारसा उपयोग नव्हता. पुढे छायालेखक व्ही. के. मूर्तींनी ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) आरशांनी ऊन थेट स्टुडिओत आणलं आणि तो प्रसिद्ध प्रकाशझोत साकारला. सूर्याचे किरण जवळजवळ समांतर असल्यामुळे आरशावरून निघालेला झोत २० मीटरवर जेमतेम १९ सेंटिमीटरने रुंदावतो. साधा दिवा इतका शिस्तीत राहत नाही.

सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे हा दिवा तासाला १५ अंश सरकतो. पडद्यावरचा दोन मिनिटांचा संवाद चित्रित व्हायला चार तास लागू शकतात. म्हणून रुंद दृश्यं सूर्य मागे असताना उरकतात आणि क्लोजअप नंतर स्किमरखाली घेतात.

संध्याकाळी सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा किरणांना डोक्यावरच्या हवेच्या सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. सूर्य इतका क्षीण होतो की तो आणि आकाश बरोबरीला येऊ लागतात. चेहरे तेव्हा देखणे दिसतात ते एकट्या रंगामुळे नाही, या बरोबरीमुळेही. पण ही वेळ किती टिकते ते अक्षांशावर ठरतं. मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनी मुंबईत सूर्याला शेवटचे सहा अंश उतरायला सुमारे २५ मिनिटं लागतात, कॅनडातल्या अल्बर्टाच्या दक्षिण भागात ३७. छायालेखक नेस्टर अल्मेंद्रोस यांनी ‘डेज ऑफ हेवन’ची (१९७८) संधिप्रकाशातली दृश्यं तिथेच टिपली. ‘द रेव्हनंट’साठी (२०१५) छायालेखक इमॅन्युएल लुबेझ्कीही तिथेच गेले. डिसेंबरात तिथला भर दुपारचा सूर्यदेखील क्षितिजापासून १६ अंशांच्या आसपासच वर असतो.

मुंबईत डिसेंबरअखेरीस दुपारचा सूर्य ४७ अंशांवर असतो, म्हणजे स्टुडिओतला मुख्य दिवा जिथे टांगतात जवळपास तिथेच. डोळ्यांत उजेड पोचतो. मेच्या मध्यात मात्र तो थेट डोक्यावर येतो. तेव्हा सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळात पडवीतले, झाडाखालचे प्रसंग लावावेत आणि मैदानातले प्रसंग चारनंतर घ्यावेत.